गिअर सटकतो, पण केव्हा?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना गिअरबॉक्स या शब्दाची धास्ती असते. इंजिनाचं काम निघालं तर माणूस हळहळतो, चार ठिकाणी चौकशी करतो आणि करून टाकतो. गिअरबॉक्सचं काम निघालं की मात्र घरात थेट गाडी विकायच्या गोष्टी सुरू होतात. खर्च हे त्याचं एक कारण आहे, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती पेटी बंद असते. बोनेट उघडलं की इंजिन निदान समोर दिसतं. तेल गळतंय, पट्टा सैल झालाय, वायर जळालीय, एवढं आपल्यालाही कळतं. गिअरबॉक्सच्या पोटात काय चाललंय ते तो खाली उतरवून खोलल्याशिवाय कुणाच्याच नजरेला पडत नाही. मग समोरचा सांगेल ते मान्य करावं लागतं, आणि समोरचा बहुतेक वेळा एकच सांगतो, "ओव्हरहॉल करावा लागेल."

माझा अनुभव असा, की ती पेटी बंद असली तरी मुकी नाही. तिचं काय बिनसलंय हे ती खोलण्याआधीच बऱ्यापैकी सांगून टाकते. फक्त तिला नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न एका शब्दाचा आहे: केव्हा?

आमच्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरची, चार गिअरची. ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि कारखान्यातून शेवटची बाहेर पडली २०१४ च्या जानेवारीत. या तीस वर्षांत पाचवा गिअर तिला मिळाला तो २००० च्या आसपास, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आलं तेव्हा. आमची त्याच्या आधीची. बाबांनी नवी घेतलेली, आता मी चालवते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, हे सगळं नियमाने चाललेलं आहे. गाडी जपून ठेवलेली शोभेची वस्तू नाही. भाजी आणते, कोकणात उतरते, पावसाळ्यात भिजते.

गेल्या हिवाळ्यापासून तिच्या गिअरबद्दल दोन तक्रारी होत्या. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यावरून दुसरा टाकला की 'खर्र' असा आवाज यायचा. आणि घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सटकून न्यूट्रल व्हायचा. पहिली तक्रार सोसण्यासारखी होती. दुसरी अजिबात नाही. आंब्याकडून साखरप्याकडे उतरताना एका वळणावर लिव्हर एकदम पुढे उडाला, इंजिनाचा लगाम सुटला आणि गाडीने वेग घेतला. ब्रेक चांगले होते म्हणून बाजूला घेता आली. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. मी पहिला टाकला आणि उरलेला घाट तसाच उतरले.

कोल्हापूरला परतल्यावर गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर तक्रार टाइप केली, 'सेकंड गिअर प्रॉब्लेम', आणि गाडी जागची न हलवता अंदाजपत्रक हातात दिलं. गिअरबॉक्स उतरवणे, खोलणे, गिअर, फोर्क, सिंक्रो रिंगा, बेअरिंगं, सील, क्लच सेट. गाडीच्या बाजारभावाशी तो आकडा बरोबरी करत होता. मला राग आकड्याचा आला नाही. गाडी कुणी चालवून पाहिली नाही, याचा आला.

शिवाजी उद्यमनगरात आमचे जुने मिस्त्री आहेत. आता सत्तरीच्या पुढचे. फिएट आणि अँबॅसिडरवर हात बसलेला माणूस. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"ताई, काय हुतंय ते मला कळंल. कवा हुतंय तेवढं सांगा."

मग त्यांनी एकामागून एक विचारलं. गाडी थंड असताना की तापल्यावर? वर चढवताना की खाली उतरताना? अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना की उचलल्यावर? टाकताना त्रास की टाकल्यानंतर? क्लच दाबल्यावर आवाज की सोडल्यावर? सगळ्याच गिअरला की एकालाच? रिव्हर्स कसा पडतो? अलीकडे क्लचचं काही काम झालंय? माझ्याकडे यातल्या बऱ्याच गोष्टींची उत्तरं होती, कारण रोज गाडी चालवणाऱ्याच्या हाता-पायांना ती माहीत असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण यातलं बरंचसं कुणालाही आपल्या गाडीवर करून पाहता येईल.

पहिलं काम, गाडी बंद ठेवून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून चारही गिअर आणि रिव्हर्स एकदा टाकून पाहायचे. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा. बंद गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी क्लचकडे बघायचं. क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबलं तरी प्लेट थोडी फिरतच राहते आणि फिरत्या शाफ्टवर गिअर पडायला कुरकुरतो. ८०० ला क्लचची केबल आहे. ती वर्षानुवर्षं ताणली जाते, आतली तार एकेक धागा सोडत जाते, आणि पेडलची मोकळी चाल वाढत जाते. केबलचा नट चार आटे फिरवून सुटणारी तक्रार गिअरबॉक्सच्या नावावर कितीदा खपवली जात असेल! उलट, बंद गाडीतही गिअर जडच पडतात, तर क्लचचा संबंध नाही. दोष लिव्हरपासून पेटीपर्यंतच्या जोडणीत किंवा पेटीच्या आत.

क्लचची आणखी एक खूण रिव्हर्स सांगतो. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नसतो. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, मनात सावकाश पाच-सहा आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा. थांबला असेल तर रिव्हर्स निमूट पडतो. तरीही करकर झाली तर प्लेट सुटत नाही. क्लच दाबल्या दाबल्या घाईने टाकला आणि आवाज आला, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या गाडीत चालू आणि बंद दोन्हीकडे गिअर सारखेच पडले, रिव्हर्सही शांत. क्लच निर्दोष ठरला.

दुसरं काम आवाजाचं. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. मिस्त्रींनी बोनेटपाशी कान लावला आणि मला क्लच हळूहळू दाबायला सांगितलं, मग हळूहळू सोडायला. यातला हिशेब साधा आहे. क्लच सोडलेला असतो तेव्हा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी आत आणणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरत असतो. दाबला की तो थांबतो. म्हणजे क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय. याच्या उलट, एरवी शांत आणि पेडल दाबू लागताच किरकिर, तर ते क्लच बेअरिंग, कारण ते कामाला लागतं पाय पडल्यावरच. दोघांचा आवाज लांबून सारखा वाटू शकतो. नुसता आवाज ऐकून जे सांगता येत नाही, ते पाय कुठे आहे यावरून सांगता येतं.

चालत्या गाडीतल्या आवाजाचीही अशीच वाटणी करता येते. एकाच गिअरमध्ये गुणगुण आणि बाकीच्यांत नाही, तर त्या गिअरचे दात किंवा त्याखालचं बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये, आणि इंजिनाच्या नव्हे तर गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज, तर पुढे डिफरन्शियलकडे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी) किंवा चाकांच्या बेअरिंगकडे बघायचं. सपाट मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला सोडून दिली आणि आवाज तसाच राहिला, तर इनपुट शाफ्ट आणि क्लच बहुधा निर्दोष. लांब वळणावर एका बाजूला झुकताना आवाज वाढला, तर भार पडलेल्या बाजूचं चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे घेताना 'कट् कट् कट्', तर अ‍ॅक्सल (चाक फिरवणारा दांडा) याचा बाहेरचा जॉइंट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही सगळी मंडळी एकमेकांच्या इतकी शेजारी बसलेली असतात, की एकाचं भांडण दुसऱ्याच्या दारात ऐकू येतं.

आमच्या गाडीत आवाज कुठलाच नव्हता. त्यामुळे मिस्त्री खूश झाले. "बेरिंगं ठीक हायत. आता दुसऱ्या गिअरचं बघू."

इथे जरा आत डोकवावं लागेल. गिअर बदलताना आपण दातात दात अडकवतो असं बहुतेकांना वाटतं. जुन्या काळात तसंच होतं, सबंध गिअर शाफ्टवर सरकवून दुसऱ्याला भिडवायचे. नंतरच्या पेट्यांमध्ये पुढे जायचे सगळे गिअर कायमचे एकमेकांत गुंतलेले असतात आणि अखंड फिरतात. आपण सरकवतो ती एक बांगडीसारखी स्लीव्ह. ती गिअरच्या कडेला असलेल्या बारीक दातांवर जाऊन बसते आणि त्या गिअरला शाफ्टशी बांधून टाकते. मात्र बसण्याआधी दोघांचा वेग एक व्हायला हवा, आणि ते काम करते एक पितळी रिंग. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं तिच्या बरोबरीने धावतो, तसं. रिंग गिअरच्या निमुळत्या शंकूवर घासते, वेग जुळवते, आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. ही सिंक्रोमेशची कल्पना अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरची. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ती पहिल्यांदा गाडीत आणली. आज आपण चार बोटांनी गिअर टाकतो तो त्या रिंगेच्या जिवावर.

म्हणून 'खर्र' आवाज येतो तेव्हा गिअरचे मुख्य दात झिजत नसतात. वेग जुळण्याआधीच स्लीव्ह त्या बारीक दातांवर आपटत असते. रिंग झिजली की तिची पकड जाते. दुसऱ्या गिअरची रिंग सहसा सगळ्यात आधी झिजते, कारण शहरात सगळ्यात जास्त वापर तिचा, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरकही मोठा. थंड गाडीत त्रास जास्त, कारण तेल गार आणि दाट असतं. रिंगेवरच्या बारीक खाचांनी तो तेलाचा थर कापायचा असतो. खाचा गुळगुळीत झाल्या की थर कापला जात नाही आणि रिंग शंकूवर नुसती घसरते.

हे तपासायची रीत मिस्त्रींनी दाखवली ती डबल क्लचची. पहिल्यातून क्लच दाबून न्यूट्रलला यायचं, क्लच सोडायचा, पुन्हा दाबून दुसरा टाकायचा. असं केल्यावर आवाज गेला, तर बारीक दात आणि फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) बहुधा अजून ठीक आहेत, दमली आहे ती रिंग. डबल क्लच करूनही खरखर राहिली, तर प्रकरण पुढे गेलंय.

डबल क्लच करताना सत्तरीच्या त्या माणसाचा डावा पाय पाहण्यासारखा होता. ते शिकले त्या काळात याला पर्याय नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फिएटला, जिचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं, चार गिअर होते, लिव्हर बराच काळ स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पहिल्याला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा तर वेग कानाने जुळवावा लागे. एसटीच्या जुन्या गाड्यांचंही तेच. घाटात ड्रायव्हर गिअर उतरवताना मधेच अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचे; तो 'व्हूंम' आवाज लहानपणी खिडकीत बसून ऐकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. रिंगेचं काम ते पायाने करत होते. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा गाडीबद्दल खूप लिहिलं गेलं. त्या गाडीने तयार केलेल्या कानांबद्दल आणि पायांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, याची मला खंत आहे. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग यांचं गणित ज्यांना न बघता सुटतं अशी ती पिढी. तिला कागदावरची पदवी नव्हती म्हणून तिचं ज्ञान कमी धरायचं कारण नाही. ते ज्ञान कुठे नीट लिहून ठेवलेलंही नाही.

तर, खरखर म्हणजे रिंग. मग सटकणं?

मिस्त्रींचं म्हणणं, या दोन तक्रारी एका गिअरच्या असल्या तरी एकीला दुसरीचं उत्तर नव्हे. खरखर होते टाकताना, सटकतो टाकल्यानंतर. रिंगेचं काम गिअर बसेपर्यंतच. बसलेला गिअर धरून ठेवणारे वेगळे: बारीक दातांचा आकार, गिअरचा फोर्क, आणि आत स्प्रिंगवर बसलेली एक लोखंडी गोळी, जी गिअर टाकणाऱ्या शाफ्टच्या खाचेत पडून त्याला जागेवर रोखते. ते बारीक दात मुद्दाम किंचित उलटे निमुळते कापलेले असतात, म्हणजे भार आला की स्लीव्ह आत ओढली जावी. झिजून गोल झाले की तोच भार तिला बाहेर ढकलतो. फोर्कही झिजतो, विशेषतः लिव्हरवर हात टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर, कारण हाताचं ओझं थेट फोर्कच्या कडेवर जातं आणि ती फिरत्या स्लीव्हला घासत राहते.

हे सगळं पेटीच्या आतलं. पण मिस्त्री आत जायला तयार नव्हते. "आधी भायेरचं समदं बगायचं. आतलं कुटं पळून जात न्हाई."

त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली. मला आत बसवून लिव्हर हलवायला सांगितलं, इंजिन बंद ठेवून, आणि स्वतः खाली टॉर्च घेऊन उभे राहिले. मग मला खाली बोलावलं, त्यांच्या हाताखालच्या पोराला वर पाठवलं. "बगा." लिव्हरपासून पेटीपर्यंत जाणारा जो रॉड आहे, त्याच्या सांध्यातलं बुश, म्हणजे पिनेभोवती घट्ट बसणारी छोटी नळी, जवळजवळ संपलं होतं. पोरगं लिव्हर मागे ओढत होतं, आणि खाली पिन आधी त्या रिकाम्या भोकात इकडून तिकडे सरकत होती. रॉड हलायला लागायचा त्यानंतर. भोवती तेलकट धुळीचा काळा थर, आणि पिन घासत होती तेवढीच जागा आरशासारखी लख्ख. म्हणजे आत बसलेल्या माझ्या हाताला वाटायचं की दुसरा पूर्ण पडला, लिव्हर तर टोकापर्यंत आला. प्रत्यक्षात ती चाल वाटेत या भोकाने खाऊन टाकलेली. स्लीव्ह बारीक दातांवर अर्धीच चढत होती. सपाट रस्त्यावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना तेवढी पकड पुरायची. उतारावर पाय उचलला की चाकं इंजिनाला ओढायला लागतात, भाराची दिशा उलटते, आणि अर्धी बसलेली स्लीव्ह सटकते. घाटातच का, याचं उत्तर त्या लख्ख पिनेवर होतं.

तरी त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. रॉड पेटीपासून मोकळा केला आणि पेटीतून बाहेर आलेला शाफ्ट हातानेच मागेपुढे करून पाहिला. प्रत्येक गिअरच्या जागी स्पष्ट 'खट्ट'. मला हात लावायला सांगितला. दुसऱ्याची 'खट्ट' इतरांइतकीच ठसठशीत होती. गोळी-स्प्रिंग शाबूत. त्यानंतर बोनेट उघडून, पोराला ब्रेकवर पाय ठेवून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये किंचित हाफ क्लच करायला सांगितलं आणि आम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघितलं. इंजिनाला जागेवर धरणाऱ्या एका माउंटिंगचं रबर चिरलेलं होतं. इंजिन जास्त डोलत असेल तर तेही गिअर ओढून काढायला हातभार लावतं.

बुश आणि माउंटिंग, दोन्ही एकदमच बदलून टाकावं असं मला वाटलं. मिस्त्रींनी मान हलवली. आधी फक्त बुश. गाडी ज्योतिबाच्या डोंगरावर नेली, आणि उतरताना दुसऱ्यात, पाय उचलून, पुन्हा देऊन, पुन्हा उचलून, मुद्दाम छळली. लिव्हर जागचा हलला नाही. मग खाली येऊन माउंटिंग बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाचा आला ते कळतं. हा धडा मी शाळेत मुलांना प्रयोग शिकवताना रोज सांगते. गॅरेजात तो इतक्या काटेकोरपणे पाळलेला पाहून मला फार बरं वाटलं.

उरली सकाळची खरखर. त्यासाठी तेल उतरवलं. गिअर ऑइलचा वास विसरता येत नाही, गंधकाचा उग्र वास असतो तो. मिस्त्रींनी थोडं तेल जुन्या पांढऱ्या इनॅमलच्या थाळीत घेतलं आणि उन्हात तिरकं केलं. तळाशी राखाडी गाळ होता, बोटावर मळीसारखा, तो चालतो. एवढ्या वर्षांचं पोलाद थोडं झिजणारच. बोटाला टोचणारा कण एकही नव्हता, म्हणजे दाताचा तुकडा पडलेला नाही. पण थाळी हलवली की तेलात सोनेरी चमक तरंगत होती. ते पितळ. रिंगेचं.

तेलाच्या बाबतीत एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानात 'नव्वद नंबर' म्हणून जे मागाल ते मिळतं, आणि तिथेच घोळ होतो. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे प्रकार लिहिलेले असतात. ५ म्हणजे ४ पेक्षा भारी, असं समजून लोक घेतात. जीएल-५ मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी, जिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. पितळी रिंगांना त्यातली काही तेलं बाधतात, आणि रिंगेला जी घर्षणाची पकड हवी असते ती निसरडी होऊ शकते. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सला पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालावं, ८०० सारख्या गाडीला जीएल-४. पातळीही तपासावी: गाडी सपाट उभी, बाजूचा बोल्ट काढला की तेल भोकाच्या काठाला लागलेलं हवं. क्लचच्या किंवा अ‍ॅक्सलच्या कामात तेल उतरवलं जातं आणि भरताना हात आखडला जातो, असं फार वेळा होतं. अ‍ॅक्सलच्या सीलमधून थेंब थेंब गळणारं तेलही कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डॅशबोर्डवर त्याचा दिवा नसतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. दाट तेल भरून आवाज दाबता येतो. पूर्वी तर पेटीत लाकडाचा भुसा घालून विकायचे असं जुने लोक सांगतात. म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला सांगायचं, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. थंड गाडीवर, बोनेटला हात लावून ती खरंच थंड आहे याची खात्री करून, दुसरा गिअर स्वतः टाकून बघायचा. चालवून बघू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका गाडीची पेटी खोललेली होती, म्हणून आमच्या रिंगेची काय दशा असेल ते मला पाहता आलं. मिस्त्रींनी त्या पेटीतली झिजलेली रिंग गिअरच्या शंकूवर अंगठ्याने दाबली आणि फिरवली. ती सहज फिरली. मग नवी रिंग तशीच दाबली. ती जिथे दाबली तिथेच चिकटली, वळेना. नंतर रिंग आणि गिअर यांच्या मधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती घालून दाखवली. नव्या रिंगेला साधारण एक मिलिमीटरची फट असते. ती अर्ध्यावर आली की रिंग बदलायची. झिजल्यावर फट वाढेल असं मला वाटलं होतं. ती कमी होते, कारण रिंग शंकूवर अधिक खोल जाऊन बसते. शेजारी फोर्क पडला होता. त्याची एक कड सपाट आणि जाड, दुसरी इतकी पातळ की नखाला धार लागली.

आमच्या पेटीचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मिस्त्रींच्या मते आत्ता खोलायची घाई नाही. नवं तेल पडल्यावर खरखर कमी झाली आहे, गाडी तापली की नसतेच. सकाळी पहिले दोन किलोमीटर न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून दुसरा टाकायचा, किंवा डबल क्लच. दर सहा महिन्यांनी थोडं तेल थाळीत घेऊन बघायचं. चमक वाढली, तापलेल्या गाडीतही आवाज यायला लागला, किंवा बुश ठीक असूनही गिअर सटकला, तर मग थांबायचं नाही, कारण झिजकी रिंग पुढे बारीक दात खाते आणि दात गेले की सबंध गिअर बदलावा लागतो. रिंगेचा आणि गिअरचा खर्च यात फार अंतर आहे.

क्लच प्लेटही आता उतरणीला लागली आहे. ती बदलायला पेटी नाहीतरी खाली येणारच, तेव्हा दोन्ही कामं एकाच मजुरीत उरकायची असं ठरलंय. चार गिअरच्या ८०० च्या अस्सल रिंगा दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालल्या आहेत, म्हणून सेट आत्ताच शोधून आणून ठेवला. सोबत दोन्ही अ‍ॅक्सलची सीलं आणि एक फोर्क. मिस्त्रींनी रिंगा हातात घेऊन खाचांवरून नख फिरवलं, एक परत केली आणि म्हणाले, "ही बदलून आणा. ह्येच्या खाचा धड पडल्या न्हाईत." दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की गाडी आठवडाभर उद्यमनगरात ठेवायची आहे, आणि पेटी उघडेल त्या दिवशी मी तिथे असणार आहे.